उजवी बाजू

१

रविवारचा माझा क्रम ठरलेला असे. सकाळी कपडे भिजत घालायचे, रेडिओ लावायचा आणि जुनी पँट चढवून पोर्चमधल्या गाडीखाली शिरायचं. बारा वाजेपर्यंत वेळ बरा जाई.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यापासून मी सिल्वासाच्या त्या घरात एकटाच राहत होतो. माझी बायको मीनाक्षी आमच्या मुलीला, भक्तीला घेऊन नाशिकला माहेरी गेली होती. लोकांना सांगायला कारण होतं मराठी शाळेचं. खरं कारण तिने मला निघायच्या आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. भांडण नाही, आवाज चढवणं नाही.

"तुम्ही वाईट नाही हो," ती म्हणाली. "पण तुम्ही घरात असलात तरी घरात दुसरं माणूस आहे असं मला वाटतच नाही. दिवाळीला येईन. तेव्हा बघू काय ते."

मी स्टँडवर जाऊन दोघींची तिकिटं काढून आणली.

मी जवळच्या मसाट गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर होतो. गाडी तिथलीच. मालकांच्या धाकट्या भावाने हौसेने आणलेली लाल रंगाची विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, वरचं कापडी छप्पर मागे दुमडणारी. तो अमेरिकेला गेला आणि गाडी शेडमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे धूळ खात पडली. मी एकदा तिच्याभोवती फिरताना शेठनी पाहिलं. म्हणाले, "लई जाव, जयवंतभाई. जग्या तो खाली थशे." घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. तेवढंच.

त्या पावसाळ्यात मी तिचं इंजिन सुरू केलं, ब्रेक केले, वायरिंग बदललं. भक्तीला शेजारी बसवून दादऱ्याच्या बागेत न्यायचं, एवढं डोक्यात होतं. राहिलं होतं सस्पेन्शन. धक्के जिरवणाऱ्या शॉकअबमधून तेल गळत होतं, सांध्यांतल्या बुशांचं रबर चुरा झालं होतं, आणि गाडी उजवीकडे कललेली होती. त्यात विशेष काही नाही. अशा गाडीत ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग आधी थकते, कारण बहुतेक वेळा गाडीत तो एकटाच असतो.

२

नवरात्र संपल्यावरच्या रविवारी काम काढलं. सामान मुंबईहून मागवलं होतं. मदतीला भिका आला. भिका आमच्या कारखान्यातला फिटर, नंदुरबारकडचा. त्याची बायको मंजुळाबाई माझ्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक करी.

गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढली. स्प्रिंग दाबून धरायला मी कारखान्यातल्या लेथवर लांब बोल्ट करून घेतले होते. ते एकेक आटा आवळत गेलो तशी जुनी स्प्रिंग करकरत आखडत गेली. भिका तोंड वळवून उभा राहिला.

"सुटली तं डोकंच नेईन साहेब ही," तो म्हणाला.

सुटली नाही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा नव्या, शॉकअब नवे, बुश नवे. दुपारी गाडी खाली उतरवली. समोर उकिडवं बसून नजर लावली तर एका रेषेत उभी. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये दोन्हीकडे बोटं घालून पाहिली, सारखीच बसली. भिकाने नारळ आणला होता, तो फोडला. खोबरं खाऊन तो घरी गेला. मी जेवलो आणि जरा पडलो.

उठून पोर्चमध्ये आलो तेव्हा गाडी उजवीकडे बसलेली होती.

थोडीथोडकी नव्हे. डावीकडे टायरवर माझी मूठ आडवी बसत होती, उजवीकडे दोन बोटं जेमतेम. मी खाली वाकून टॉर्च मारला. स्प्रिंग जागेवर, काही तुटलेलं नाही, काही निसटलेलं नाही. मग मला कारण सापडलं आणि हायसं वाटलं. बुशचे बोल्ट चुकीच्या उंचीवर आवळले गेले तर रबर पिळलेलं राहतं आणि चाकाला धड वर-खाली होऊ देत नाही. शिकाऊ माणसाची चूक. मी बोल्ट सैल केले, बोनेटवर भार देऊन गाडी चार वेळा दाबली-सोडली, आणि पुन्हा आवळले.

गाडी सरळ झाली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पाहिली तेव्हाही सरळ होती. संध्याकाळी परत आलो तर पुन्हा उजवीकडे बसलेली.

३

पुढच्या रविवारी भिकाला पुन्हा बोलावलं. स्प्रिंगच कच्ची आहे असं आता मी धरून चाललो होतो. उजवीची डावीला आणि डावीची उजवीला टाकली. खोट स्प्रिंगमध्ये असेल तर आता गाडी डावीकडे कलायला हवी. आम्ही चहा घेतला. चहा संपेस्तोवर गाडी उजवीकडेच बसली.

"तुम्ही आत बसा, मी बघतो," मी भिकाला म्हणालो.

तो डाव्या सीटवर बसला. डावी बाजू लगेच खाली आली. गाडी हलकी, स्प्रिंगा मऊ, तसंच व्हायला हवं. मग तो फिरून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. उजवी बाजू होती त्याहून आणखी खाली गेली, टायर मडगार्डला जवळजवळ टेकला. तो उतरला तशी वर आली, पण होती तेवढीच. सरळ नाही.

मग मी बसलो. भिका चाकाजवळ उकिडवा बसून बघत होता.

"हालली नाही साहेब."

"काय हललं नाही?"

"गाडी. तुम्ही बसले तं काहीच झालं नाही. जशीच्या तशी."

मी उतरलो, पुन्हा बसलो. मुद्दाम धप्पकन बसलो. मला सीटची गादी खाली दबल्यासारखी वाटली, पण बाहेरून भिका मान हलवत होता. तो हसला. "साहेब, जेवत जा जरा. मंजुळाले सांगतो, पोळ्या वाढव म्हणून."

मीही हसलो. पण तो गेल्यावर बराच वेळ मी एकटाच त्या गाडीत बसून राहिलो आणि मनाशी गणित करत राहिलो. सरळ उभी असलेली गाडी मी बसल्यावर उजवीकडे जेवढी खाली यायला हवी, तेवढीच ती रिकामी असताना खाली आलेली होती. त्याहून कमी नाही, जास्त नाही. जणू माझं वजन तिने आधीच धरलं होतं, आणि तेच पुन्हा मोजायची तिला गरज नव्हती.

इंजिनियर माणूस अशा विचारावर थांबत नाही. सोमवारी कारखान्यात खोकी तोलायच्या काट्यावर मी गुपचूप उभा राहिलो. काटा माझ्या नेहमीच्या आकड्यावर येऊन थांबला. स्टोअरचा रघुनाथ म्हणाला, "काय साहेब, धाग्याच्या भावात विकायचंय का स्वतःला?" मी खाली उतरलो. म्हणजे माझ्यात खोट नव्हती. काहीतरी अडकत होतं, घासत होतं, मला दिसत नव्हतं, एवढंच.

४

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी स्कूटरवरून घरी आलो. अजून उजेड होता. समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. स्वयंपाकघराची खिडकी पोर्चकडे उघडते. तिथून मंजुळाबाईने मला स्कूटर लावताना पाहिलं आणि तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

"तुम्ही कुठून आले साहेब?"

"कुठून म्हणजे? कामावरून."

"आत्ता तं गाडीत बसेल होते ना तुम्ही."

मी गाडीकडे पाहिलं. रिकामी होती. उजवीकडे बसलेली.

"केव्हा?"

"हे काय, आत्ताच. मी आली तवापासून. हात बाहेर काढून बसेल होते, गाणं म्हनत होते." मग ती जरा लाजल्यासारखी हसली. "मला म्हने, मंजुळाबाई, कालची वांग्याची भाजी फार छान झालती. इतक्या महिन्यात कधी बोलले नाही तुम्ही तसं. मला बरं वाटलं. म्हनून आज पुन्हा वांगंच केलं."

कालची भाजी खरंच चांगली झाली होती. तसं माझ्या मनात आलंही होतं. पण मी ते तिला सांगितलं नव्हतं. मी तिला कधीच काही सांगत नसे. ती यायची, करायची, झाकून ठेवून जायची.

"कोणतं गाणं?" मी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? पन आवाज चांगला आहे तुमचा."

लग्नानंतरची दोन-तीन वर्षं मी गात असे, अंघोळ करताना, भक्तीला झोपवताना. मग कधी थांबलो ते आठवत नाही.

मी खिडकीशी तसाच उभा होतो. तेवढ्यात पोर्चमधून आवाज आला. नवी स्प्रिंग मोकळी होताना येतो तसा, बारीक, लांबट, कुई. माझ्या डोळ्यांदेखत गाडीची उजवी बाजू हळूहळू वर आली. आधी जरा जास्तच वर, मग एक हलका झोका घेऊन स्थिर. शॉकअब नवे होते. त्यांनी काम चोख केलं.

दार उघडलं नाही. कोणी उतरलेलं दिसलं नाही. गाडी एका रेषेत उभी होती, आम्ही नारळ फोडला तेव्हा होती तशी.

"तेल जळून राहिलं," असं म्हणून मंजुळाबाई आत वळली. तिने काही पाहिलं नव्हतं.

५

दिवाळी जवळ आली. भिका आणि मंजुळाबाई गावी गेले. कॉलनीतली बहुतेक घरं बंद झाली, कारण तिथे सगळेच बाहेरचे. संध्याकाळी दिवे लागत ते माझ्याच घरात.

मीनाक्षीला मी एसटीडी बूथवरून फोन केला. ती म्हणाली, धनत्रयोदशीला दुपारच्या गाडीने येतो दोघी. मग म्हणाली, "बरे आहात ना?" मी म्हणालो, "हो." मीटरवरचे आकडे पळत होते. मग तिने फोन ठेवला.

त्या दोघींना त्या गाडीत बसू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एका सकाळी मी एकट्यानेच गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली, दोन्हीकडच्या पुढच्या स्प्रिंगा काढून पोर्चच्या कोपऱ्यात ठेवल्या आणि गाडी घोड्यांवर टेकवून दिली. आता तिला दबायला काही उरलंच नव्हतं. त्यात कोणी बसलं काय, न बसलं काय, लोखंडावर लोखंड. मला माझ्या युक्तीचं समाधान वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दुपारी हॉलमधून वेताच्या खुर्चीचा आवाज आला.

वेत वाळला की करकरतो. पावसाळ्यानंतरच्या उन्हाने सगळंच वाळत होतं. मी हॉलमध्ये गेलो. खुर्ची खिडकीशी होती, तिची विणलेली बैठक मध्यभागी खोलगट झाली होती. जुनी खुर्ची होती, झाली असेल. मी तिथे उभा राहिलो आणि ती बैठक सरळ होण्याची वाट पाहत राहिलो. ती सरळ झाली नाही. मग मीच स्वयंपाकघरात परतलो, कारण दुसऱ्याच्या खोलीत आगंतुकासारखं उभं राहिल्यासारखं मला वाटू लागलं. माझ्याच घरात.

त्यानंतर मी घरातून कडेकडेने वावरू लागलो. खुर्ची खोलगट असली की मी स्वयंपाकघरात थांबे. कधी हॉलमधून गुणगुणणं येई, शब्द नसलेलं. मी रेडिओ बंद करून ऐके, आणि मग तेही बंद होई. सकाळी उठल्यावर माझ्या बाजूची चादर आदल्या रात्री अंथरली होती तशी असे, सुरकुती नसलेली. मी थोडंच हलतो झोपेत, असं मी म्हणे. उशीवर खळगा नसे. उशी कापसाची होती, कडक झालेली, असं मी म्हणे. कारखान्यात रोज काट्यासमोरून जावं लागे. मी पुन्हा त्यावर चढलो नाही.

खरं सांगायचं तर भीती हा त्यातला लहान भाग होता. मोठा भाग वेगळा होता. त्या घरात कोणीतरी मजेत राहत होतं, आणि तो मी नव्हतो.

६

धनत्रयोदशीला निघता निघता कारखान्यात एक मशीन अडलं. त्यातून सुटून स्टँडवर पोचलो आणि नाशिकच्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो. बराच वेळ गेल्यावर कंट्रोलरच्या खिडकीशी चौकशी केली.

"नाशिक? ती कधीच आली. आज लवकर आली."

मी स्कूटर जोरात हाणली. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. फाटकाशी पोचलो तर पोर्चमध्ये दोन जोड चपला काढलेल्या, आणि आतून हसण्याचा आवाज. मीनाक्षी हसत होती. तिला असं पोट धरून हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मध्येच भक्तीचा चिरका आवाज, "खोटं! बाबा, खोटं!" आणि त्यावर एक पुरुषी आवाज, खालच्या पट्टीत, काहीतरी सांगणारा. शब्द कळले नाहीत. लय कळली. रेकॉर्ड केलेला आपला आवाज ऐकताना परका वाटतो, तसा तो होता.

हॉलच्या खिडकीला जाळी आहे. जाळीतून वेताच्या खुर्चीची फक्त पाठ दिसत होती, आणि तिच्या हातावर टेकलेलं एक कोपर. बाही दुमडलेली. कोपराजवळ काळं ग्रीस लागलेलं, पुसूनही न निघालेलं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. माझी बाही मनगटापर्यंत बंद होती. हात स्वच्छ होते. कारखान्यातून निघताना मी ते धुतले होते.

मी दार ढकलून आत गेलो.

हॉलमध्ये भक्ती एकटी होती, जमिनीवर मांडी घालून बसलेली, तोंड खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. तिने माझ्याकडे मान वळवली. चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं.

"बाबा, मग पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"सांगा ना! त्या गाडीवाल्याचं."

आतून मीनाक्षीची हाक आली. "अगं, त्यांना पाणी तरी पिऊ दे. या हो इकडे जरा."

मी आतल्या खोलीत गेलो. ती पलंगावर बॅग उघडून बसली होती आणि एकेक कपडा काढून घडी नीट करत होती. तिचं तोंड कपड्यांकडे होतं. ती बोलत होती, मघापासून चाललेलं बोलणं पुढे चालवावं तशी.

"तुम्ही मघाशी जे म्हणालात ना, ते मी नाशिकहून निघतानाच मनाशी म्हणत होते. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढं बोलता येतं तुम्हाला, तर इतके दिवस कुठे होतात?" तिचा आवाज जरा भरून आला. "भक्तीचं नाव इथल्या शाळेत घालू. सुट्टी संपली की आम्ही परत जाणार नाही."

हेच ऐकण्यासाठी मी सगळा पावसाळा काढला होता. मघाशी बोलला तो मी नव्हतो, असं सांगायला मी तोंड उघडलं. शब्द तयार होते. ते बोललो असतो तर ती पुन्हा बॅग भरू लागली असती, किंवा मला डॉक्टरकडे नेलं असतं. पण ती घडी घालत होती, खोलीत नाशिकच्या घरच्या साबणाचा वास पसरला होता, आणि बाहेर भक्ती हळूच कोणाशी तरी बोलत होती. मी तोंड मिटलं.

"तू म्हणशील तसं," मी म्हणालो.

मी पुढे होऊन पलंगावर तिच्या शेजारी बसलो. फ्रॉकची घडी झाली, मग परकराची, मग ओढणीची. ती एकेक घडी माझ्या पलीकडे रचत राहिली. मी तिच्याकडे पाहत होतो. मानेवर घामाने चिकटलेले केस, कानामागचा तीळ. इतक्या जवळून तिला पाहून किती दिवस झाले होते.

थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने आपल्या शेजारच्या, मी बसूनही सपाटच राहिलेल्या चादरीवर हाताने दोनदा थोपटलं.

"किती वेळ उभे राहणार आहात असे?" ती मायेने म्हणाली. "बसा ना."

माझा गुडघा तिच्या साडीला लागत होता.